तीन बोटं खोल, करंगळी टेकलेली

मलकापुरात मनुबाईंना ओळखत नाही असं घर शोधायचं तर नव्या सोसायट्यांमध्येच जावं लागेल. तिथेही लिफ्टने वर जाऊन एखाददुसरं बाळ त्यांनी पायावर घेतलेलं असतंच. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक-धुरी देणं हे त्यांचं काम. बाई अंगाने किडकिडीत, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडाने महा फटकळ. कामाला लागल्या की पहिल्याच दिवशी त्या बाळंतिणीच्या सासूला खोलीबाहेर काढतात. सासू कितीही मोठ्या घरची असो, तिने दार ओढून घ्यायचं आणि बाहेर बसायचं. त्यामुळे सुना त्यांच्यावर जीव टाकतात. सासवा कुरकुरतात, पण पुढच्या बाळंतपणाला त्यांनाच बोलावतात, कारण सून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

मीही त्यातलीच. माझं नाव विनोदिनी, कराडात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि माझ्या स्वभावाबद्दल गिऱ्हाइकं पाठीमागे काय बोलतात ते मला चांगलं माहीत आहे. पण मनुबाईंपुढे माझी जीभ चालत नाही. त्याला कारण आहे.

वल्लरी पोटात होती तेव्हा माझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. सासरचे लोक चांगले होते, पण चांगल्या लोकांनाही सगळं सांगता येतं असं नाही. सातवा संपता संपता माझ्या पोटावर लालसर रेघा उमटल्या. बेंबीपासून खाली, कुणी नखांनी ओरबाडल्यासारख्या. खाज इतकी की जीव नकोसा व्हायचा. मला खरंच वाटायचं, हे कातडं एक दिवस फाटणार. मधुला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही मी त्या दाखवल्या नाहीत. दिवसभर लोकांच्या अंगाची मापं घेणारी मी, स्वतःचं अंग मात्र आरशासमोर उघडं करायला घाबरत होते. मनुबाईंना सासूबाईंनी बोलावलं होतं ते पाय सुजले म्हणून. त्यांनी न विचारता माझ्या पोटावरची साडी बाजूला केली, बघितलं आणि चक्क हसल्या.

"पानी पाजलेल्या रानात सऱ्या दिसायच्याच की वैनी," त्या म्हणाल्या. "म्हनून रान कुनी टाकून देतंय व्हय?"

मग त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. आत केळीच्या सुकलेल्या पानात गुंडाळलेला एक गोळा होता. मोठ्या लिंबापेक्षा थोडा मोठा, लांबुळका, जुन्या हस्तिदंताच्या रंगाचा, दगडासारखा टणक. वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. त्यांनी तो तळहातावर घेऊन नुसता दाबून धरला, तशी हातावर पातळ, स्वच्छ तेलाची चमक आली. तेलाने भरलेला तो हात माझ्या पोटावरून फिरला आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. मी रडले. त्यांनी रडू दिलं. दार त्यांनीच लावून घेतलेलं होतं.

रेघा जातील का, असं मी विचारलं. दुसरी कुणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. मनुबाई म्हणाल्या, रेघा जात नसतात, फिक्या पडतात, त्याही आपापल्या वेळेनं. खाज जाते आणि कातडं मऊ राहतं, एवढंच. तेवढंच झालं. आज त्या रेघा माझ्या पोटावर चंदेरी होऊन राहिल्या आहेत आणि मी त्यांच्याकडे लक्षही देत नाही. पण त्या दिवशी मला आई भेटली असं मला वाटलं होतं, आणि ते अजूनही वाटतं.

त्या गोळ्याची एक खूण तेव्हाच माझ्या डोळ्यात भरली होती. शिवणकाम करणारीची नजर आहे, दुसरं काय. गोळ्याच्या एका अंगाला बोटांचे ठसे होते. तीन खोल आणि चौथा नुसता टेकल्यासारखा उथळ. पुढे मी मनुबाईंकडे जितके गोळे पाहिले, प्रत्येकावर ते तसेच. तीन बोटं खोल, करंगळी टेकलेली. गोळा हातात घेतला की मनुबाई स्वतःची बोटं बरोबर त्या खाचांमध्ये बसवायच्या. सवयच झाली होती त्यांना.

हे काय आहे, असं मी तेव्हाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "घाटातनं येतं." एवढंच. नंतर कळलं की त्यांनाही याहून जास्त माहीत नव्हतं. त्यांना हे काम त्यांच्या सासूने शिकवलं, गोळेही सासूनेच हातात दिले. गोळे आणायचा मनुबाईंचा दीर, गुंडा. त्याचा ट्रक होता. कराडातून गूळ भरायचा, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायचा आणि येताना आईसाठी केळीच्या पानातलं ते गाठोडं आणायचा. कुणाकडून आणतोस विचारलं की म्हणायचा, घाटातली बहीण देते. जाताना तिच्यासाठी गुळाची एक ढेप वेगळी ठेवायचा.

आता आपल्याकडे ट्रकवाल्याची घाटातली बहीण म्हटलं की लोक कसे डोळे मिचकावतात ते सांगायला नको. गुंडाची बायको माया तेव्हा नवी नवरी होती. तिचं तोंड पडायचं. म्हणून घरात त्या बाईचा विषय काढायचा नाही असं ठरून गेलं. ती कोण, कुठली, हे गोळे कशाचे करते, कुणी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मायाच्या वर्मावर बोट ठेवायचं. सासू गेली. काही वर्षांपूर्वी गुंडाही गेला, छातीत दुखायचं निमित्त होऊन. त्याने शेवटच्या खेपेला आणलेले गोळे मनुबाई जपून जपून वापरत होत्या. ते खराब होत नाहीत, हेही एक नवल.

यंदाच्या थंडीत वल्लरी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. ती सांगलीला असते. जावई सौमित्र तिथेच एका कारखान्यात इंजिनियर. पोरगी आली ती सैल कुर्ता घालून, आणि घरातही तो अंगावरून उतरेना. एकदा मी दार न वाजवता आत गेले तर घाईघाईने तिने पोट झाकलं. जे दिसायचं ते मला दिसलं. आईचेच गुण. तिने ऑनलाइन मागवलेल्या क्रीमच्या डब्या खिडकीत ओळीने मांडल्या होत्या आणि खाजवून खाजवून कडेला कातडं लाल झालं होतं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, काळजीचं काही नाही असं त्यांनी सांगितलं होतं. पण काळजीचं काही नाही एवढ्याने खाज जात नाही. मी मनुबाईंना निरोप धाडला.

मनुबाई आल्या नाहीत. दुसरा निरोप धाडला, तरी नाहीत. मग मी दुकान बंद करून तणतणत मलकापूरला गेले.

त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांच्याकडे बघितलं आणि भांडण तिथेच राहिलं. त्यांचा गळा मोकळा होता. जन्मात कधी मी त्यांना माळेशिवाय पाहिलं नव्हतं. मानेभोवती माळेच्या जागी कातडं तेवढं फिकं होतं, आणि बोलताना त्यांचा हात सारखा तिथे जाऊन रिकामा परत येत होता.

झालं होतं ते असं. त्यांच्याच गल्लीतल्या सुलाबाईंची सून प्रियदर्शनी आठव्या महिन्यात होती. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सहज विचारलं, पोटाला काय लावता. पोरीने घरी येऊन मनुबाईंना विचारलं. मनुबाईंनी खरं ते सांगितलं, कशाचं असतंय मला ठावं न्हाई. तिथेच बसलेल्या सुलाबाईंना मग एक जुनी गोष्ट आठवली. त्यांच्या मोठ्या नातवाच्या बारशाला बायकांनी गुंडाला दारात गाठून विचारलं होतं की तू हे आणतोस तरी काय. तेव्हा तो म्हणाला होता, "घाटातल्या रेड्याची चरबी हाय. आमच्या वैनीला सांगू नगासा." सगळ्या हसल्या होत्या. मनुबाई तेव्हा आत बाळाला न्हाऊ घालत होत्या. त्यांच्या कानावर हे आलं ते आत्ता, इतक्या वर्षांनी.

सुलाबाईंचं घर माळकरी. मनुबाई तर लग्नाच्या आधीपासूनच्या माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. सुलाबाई वाईट बाई नाहीत, पण घाबरल्या. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. मग ते बोलणं गल्लीभर झालं, आणि पांढरं, टणक, हातावर वितळणारं म्हणजे चरबीच, हे ज्याला त्याला आपोआप पटत गेलं.

"लोकांचं मी बगून घीन," मनुबाई मला म्हणाल्या. "पर वैनी, त्याच हातानं मी तुळशीला पानी घातलं. त्याच हातानं भाकरी खाल्ली. गुंडा भावजी चेष्टेखोर हुते, खरं हाय. पर त्या टायमाला चेष्टाच केली का खरं बोलले, ह्ये आता कुनाला इचारू?"

माळ त्यांनी काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. कळेपर्यंत घालायची नाही असं ठरवून. आणि काम तर बंदच. जी बाई हाताला काम नसलं तर शेजारणीच्या नातवंडांना पकडून तेल चोपडते, ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मला त्यांचा राग आला, सुलाबाईंचा आला, मेलेल्या गुंडाचा तर फारच आला. मी म्हटलं, द्या तो गोळा इकडे, मी शोधून काढते. डब्यात शेवटचे दोनच उरले होते. त्यातला एक त्यांनी दिला, तोही पदराने धरून.

आमच्या घरी संशोधन सुरू झालं. वल्लरीने गोळ्याचे फोटो काढून फोनला विचारलं. फोन म्हणाला, मेणबत्तीचं मेण. दुसऱ्या बाजूने फोटो काढला तर म्हणाला, आफ्रिकेतल्या कुठल्या तरी झाडाचं लोणी. तिसऱ्यांदा म्हणाला, चीज. मी म्हटलं, ठेव तो फोन. सौमित्र सांगलीहून फोनवर म्हणाला, प्रयोगशाळेत देऊ. मी तो गोळा घेऊन सांगलीला गेले आणि गणपती पेठेतल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानदारापुढे ठेवला. त्याने हुंगलं, नखाने खरवडून जिभेवर ठेवलं, दिव्याखाली धरलं. म्हणाला, झाडाचंच असावं. बीचं तेल असावं. कोकणातलं असावं. मी म्हटलं, असावं की आहे? तो म्हणाला, बाई, मी केलेलं नाही, त्यामुळे असावं याच्या पुढे मी जाणार नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढं नेमकं बोलणारी माणसं कमी असतात.

परत येऊन मी मनुबाईंना आनंदाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्यानं 'असावं' म्हटलं म्हणून मी माळ घालू? प्रयोगशाळेचंही त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. कागद येईल तो या गोळ्याचा येईल. आधीच्या इतक्या वर्षांच्या गोळ्यांचं काय? गुंडाचं बोलणं खोटं पाडायचं तर जिने हे केलं तिनेच सांगायला पाहिजे. आणि ती कोण, कुठली, कोणालाच माहीत नाही.

तेव्हा आतून माया बाहेर आली. मनुबाईंची जाऊ, गुंडाची बायको. ती एवढा वेळ दारामागे उभी राहून ऐकत होती. तिने खाली बघतच सांगितलं की तिला ठिकाण माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी गुंडा तिला ट्रकमधून चिपळूणला घेऊन गेला होता. हेळवाकच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या तोंडाला, एका जांभळाच्या झाडाखाली चहाचं हॉटेल होतं. तिथे त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, चल, माझ्या बहिणीला भेट. ही रागाने केबिनमधून उतरली नाही. काचेतून तिने फक्त पाठमोरी बाई पाहिली. त्यानंतर गुंडाने तिला पुन्हा कधी नेलं नाही.

"आता हाय का न्हाई द्येव जाने," ती म्हणाली. मग घरात गेली आणि गुळाची एक ढेप फडक्यात बांधून घेऊन आली. तिने ती मनुबाईंच्या पिशवीत ठेवली.

मी आणि मनुबाई सकाळच्या चिपळूण एसटीने निघालो. गळीत हंगाम ऐन भरात. पाटणपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे एसटी रांगत होती आणि ड्रायव्हर प्रत्येक ट्रॉलीवाल्याचा उद्धार करत होता. मनुबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पिशवीत ढेप, डब्यातला शेवटचा गोळा आणि कापडाच्या पुरचुंडीत माळ. माळ कशाला घेतली, असं मी विचारलं नाही. पाटण मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, डोंगर जवळ आले, आणि मला एकदम भीती वाटली. ती बाई भेटलीच आणि म्हणाली की हो, चरबीच, तर? मी मोठ्या तोऱ्यात या बाईंना घेऊन निघाले होते. हा विचार मी आधी केलाच नव्हता.

हॉटेल होतं. जांभळाचं झाडही होतं. पुढे पत्र्याची शेड, भज्यांची कढई, आणि कढईपाशी एक चाळिशीचा माणूस. बाजूला बाकड्यावर एक म्हातारी आमसुलांच्या पुड्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या मांडून बसली होती. आम्ही बाकावर टेकलो, चहा सांगितला. कसं विचारावं याचा मी मनात मसुदा करत होते. तेवढ्यात त्या माणसाने म्हातारीला हाक मारली, आई, दोन चहा दे त्यांना. ती उठली आणि दोन ग्लास घेऊन आली. ग्लास धरताना तिच्या उजव्या हाताची करंगळी सरळ बाहेर राहिलेली होती. मला वाटलं, म्हातारी मोठी नाजूक दिसते.

मनुबाईंनी चहा घेतला नाही. त्या त्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी ग्लास तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला, पिशवीतून डबा काढला, पान सोडलं आणि गोळा तिच्या तळहातावर ठेवला.

म्हातारीची मूठ आपसूक मिटली. तीन बोटं खाचांमध्ये बसली, पार आतपर्यंत. करंगळी वाकलीच नाही, नुसती वरून टेकली. त्या खाचेत, जी सगळ्या गोळ्यांवर उथळ असायची.

मी आयुष्यभर लोकांच्या अंगावर कपडे बसवत आले. पण इतकं बरोबर बसलेलं काही मी पाहिलेलं नाही.

म्हातारीचं नाव भागीरथी. लहानपणी रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायला झाडावर चढली असताना पडली आणि ती करंगळी कायमची ताठ राहिली. तिने गोळा ओळखला, पण आम्हाला ओळखलं नाही. विचारलं, हा तुमच्याकडे कसा? गूळ आणणारे दादा तुमचे कोण? मनुबाईंनी सांगितलं की ते माझे दीर, आणि ते आता नाहीत. भागीरथी बाकड्यावर बसली. गोळा तसाच मुठीत धरून होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की दादा कशावरून तरी रागावले.

मग तिने हळूहळू सांगितलं. तिचा नवरा दरड कोसळून गेला तेव्हा हा मुलगा, आता भजी तळत होता तो, पोटात होता. रस्ता मोकळा होईपर्यंत गाड्या अडकून पडल्या होत्या, त्यात गुंडाची गाडी होती. त्याने आणि आणखी दोघा ड्रायव्हरांनी मिळून तिची ही शेड उभी करून दिली. म्हणाला, ताई, चहा विक, आम्ही सगळे इथेच थांबत जाऊ. थांबत गेला. तिच्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. बाळंतपणात तिच्या आईने तिच्या पोटाला जे चोळलं होतं, ते तिने एक दिवस पानात बांधून त्याच्या हातात दिलं. तुमच्या घरच्या बायांना द्या म्हणाली. तिथून हे सुरू झालं.

मनुबाई पिशवीतली पुरचुंडी चाचपत होत्या. शेवटी मीच विचारलं, हे करता कशाचं? माझा आवाज मला नको तेवढा मोठा वाटला.

भागीरथीला प्रश्नच कळला नाही. कशाचं म्हणजे? तिने आम्हाला शेडच्या मागे नेलं. सुपात वाळलेल्या बिया होत्या, तपकिरी, चपट्या. आमसुलं करताना रतांब्यातून निघतात त्या. त्या फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तरंगतं ते तेल. थंड झालं की साय धरल्यासारखं गोळा करायचं आणि मुठीत दाबून वळायचं. मुठीत वळतात म्हणून याला मुठेल म्हणतात, आमच्याकडे घरोघरी करायचे, आता करतं कोण, असं ती सांगत होती. चुलीवर भाताचं भांडं होतं. तिने वाफाळता भात ताटलीत काढला, मुठेलाचा तुकडा खरवडून त्यावर घातला, मीठ भुरभुरलं आणि ताटली मनुबाईंपुढे धरली. तूप नसेल तेव्हा हेच भातावर घेऊन मुलाला वाढवलंय, म्हणाली.

मनुबाई खाली बसल्या आणि तो भात खाल्ला. सगळा. खाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी तोंड फिरवून डोंगराकडे बघत उभी राहिले, कारण माझीही अवस्था फार वेगळी नव्हती.

हात धुऊन मनुबाईंनी ती पुरचुंडी सोडली. माळ बाहेर काढली आणि भागीरथीपुढे धरली.

"तू घाल," त्या म्हणाल्या.

भागीरथी दोन पावलं मागे सरली. "अवो नको. मी म्हावरं खातंय. माजा हात कसा चालंल?"

"तुजाच चालंल," मनुबाई म्हणाल्या. "माज्या हातात हात घालून इतक्या बायका सोडवल्यास तू. तुला ठावं न्हाई, मला ठावं न्हाई. तू घाल."

भागीरथीने हात पुसले, पुन्हा पुसले आणि माळ मनुबाईंच्या डोक्यावरून गळ्यात घातली. ताठ करंगळी दोऱ्यात अडकली तेव्हा दोघीही हसल्या. निघताना मायाची ढेप तिच्या हातात दिली. ही कुणी दिली, तेही मनुबाईंनी सांगितलं. भागीरथी म्हणाली, त्या गाडीत बसल्या होत्या, मी बघितलं होतं. त्यांना एकदा उतरून यायला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई आमच्या दारात हजर. मला त्यांनी खोलीबाहेर काढलं. माझ्या घरात, माझ्या लेकीच्या खोलीतून, मला. मी बाहेर मुकाट्याने बसले. थोड्या वेळाने आतून वल्लरीच्या रडण्याचा आवाज आला. आणखी थोड्या वेळाने हसण्याचा. काय म्हणाल्या असतील ते मला माहीत होतं, सऱ्यांचंच. खिडकीतल्या डब्या वल्लरीने त्याच दुपारी उचलून ठेवल्या आणि संध्याकाळी ती आपला जुना, अंगाबरोबर बसणारा गाऊन घालून अंगणात येऊन बसली. रेघा होत्या तिथेच आहेत.

वल्लरीला मुलगी झाली. तिचं पहिलं न्हाणं चाललं होतं तेव्हा सुलाबाई सुनेला घेऊन आल्या. कानावर काहीतरी गेलं असणार. दारातच घुटमळल्या. मनुबाईंनी बाळाला पायावर घेतलेलं, मागे वळूनही पाहिलं नाही. माया त्यांच्या मदतीला आलेली, गरम पाण्याची बादली सांभाळत बाजूला उभी होती. सुलाबाईंनी घसा साफ केला आणि विचारलं, मनुबाई, ते कशाचं होतं, कळलं का?

मनुबाईंनी बाळाच्या पाठीवर पाणी सोडलं. "रतांब्याच्या बियाचं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या ननंदंनं केल्यालं."

सुलाबाई बुचकळ्यात पडल्या. तुमच्या सासूला मुलगी कुठे होती, तुम्हाला नणंद कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

उत्तर मनुबाईंनी दिलं नाही. बादलीपाशी उभ्या असलेल्या मायाने दिलं.

"हुतीच की," ती म्हणाली. "आमीच कवा इचारलं न्हाई."